झायलोजचं इथेनॉल होत नाही? या चुका टाळा

बगॅसमधून, म्हणजे उसाच्या चिपाडातून निघणाऱ्या साखरेत ग्लुकोजखालोखाल झायलोज असतं, आणि आपलं नेहमीचं सॅकरोमायसिस यीस्ट ते आंबवत नाही. मग बाहेरची जनुकं घालायची. खरी गडबड सुरू होते ती त्यानंतर.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नुसतं ‘झायलोज संपलं’ एवढं पाहून खूश होणं. संपलं, पण गेलं कुठे? समजा २० ग्रॅम झायलोज संपलं. हिशेबाने जास्तीत जास्त १०.२ ग्रॅम इथेनॉल मिळायला हवं. एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ६ ग्रॅम इथेनॉल आणि ५ ग्रॅम झायलिटॉल (झायलोजपासून बनणारं साखर-अल्कोहोल) दिसत असेल, तर गळती सापडली. स्टिपिटिस या झायलोज पचवणाऱ्या यीस्टची रिडक्टेज-डिहायड्रोजनेज ही एन्झाइमची जोडी वापरली की हे हमखास होतं. पहिलं एन्झाइम झायलोजचं झायलिटॉल करताना मुख्यतः एनएडीपीएच हा सहघटक (एन्झाइमला लागणारा मदतनीस रेणू) वापरतं, दुसरं झायलिटॉल पुढे नेताना एनएडीएच हा सहघटक तयार करतं. हवा नसताना त्या एनएडीएचची विल्हेवाट लागत नाही आणि गाडी झायलिटॉलपाशीच अडते. अशा वेळी प्रमोटर (जनुक किती चालेल ते ठरवणारा डीएनएचा भाग) आणखी जोरकस करणं म्हणजे गळक्या नळाचा कॉक आणखी उघडणं!

त्यापेक्षा झायलोज आयसोमरेज हे एन्झाइम घ्या. त्याला हे सहघटक लागतच नाहीत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये पायरोमायसेस बुरशीचं हे जनुक यीस्टमध्ये चालवून दाखवलं. ही बुरशी मूळची हत्तीच्या लिदीतली! पण यीस्टचं स्वतःचं जीआरई३ जनुक काढायला विसरू नका. ते झायलिटॉल बनवत राहतं आणि झायलिटॉल आयसोमरेजलाच अडवतं.

दुसरी चूक, शुद्ध साखरेवरचा निकाल पाहून थेट हायड्रोलायझेटवर (बगॅसचं विघटन करून मिळालेल्या साखरेच्या द्रवावर) जाणं. त्यात फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल हे यीस्टला त्रासदायक पदार्थ असतात. पीएच ४.७६ च्या खाली गेला की निम्म्याहून जास्त आम्ल अविघटित राहतं आणि सहज पेशीत शिरतं. पीएच ५.५ च्या आसपास ठेवून बघा. मात्र तिथे लॅक्टोबॅसिलस हे नको असलेले जिवाणूही खूश असतात, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली नजर हवीच. फरफ्युरल यीस्ट स्वतःच हळूहळू निकामी करतं, त्यामुळे सुरुवातीला काही तास वाढ दिसली नाही म्हणून बॅच ओतून देऊ नका. पुढच्या वेळी इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला घालायचं यीस्ट, वाढवा.

मिश्र साखरेत झायलोज हलत नसेल, तर आधी फक्त झायलोजवर चाचणी घ्या. तिथे नीट चाललं तर दोष बहुधा वाहतुकीचा, कारण दोन्ही साखरा एकाच दारातून आत येतात आणि ग्लुकोज पुढे घुसतं.

आणि कापसाचा बोळा लावून शेकरवर ठेवलेल्या फ्लास्कमधून इथेनॉल उडून जातं. तो आकडा धरून यीस्टला दोष देऊ नका.