विडालच्या नळ्या: दुप्पट डायल्यूशन नीट कसं लावायचं

विडाल म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी. स्लाइडवर ती पॉझिटिव्ह आली की नळ्यांत (ट्यूब) पुन्हा लावल्याशिवाय मी रिपोर्ट सोडत नाही. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून आलेल्या नव्या मुलामुलींना आधी हेच शिकवते. इथे हात बसला की पुढचं कुठलंही टायट्रेशन, म्हणजे असं पातळ करत मोजणं, जड जात नाही.

रॅकमध्ये आठ नळ्या लावा, सिरम उघडण्याआधी नंबर टाका. पहिलीत 1.9 मिली नॉर्मल सलाइन, बाकी सगळ्यांत 1 मिली. पहिलीत 0.1 मिली सिरम घातलं की 1:20 झालं. मिसळून त्यातलं 1 मिली दुसरीत, म्हणजे 1:40. असं सातवीपर्यंत, 1:1280. सातवीतलं 1 मिली टाकून द्यायचं. आठवी कंट्रोल, तिला सिरम लागता कामा नये. ओ आणि एच हे टायफॉइडच्या जंतूचे दोन अँटिजेन; दोन्ही बघायचे तर दोन रांगा.

खरं काम मिसळण्यात आहे. पिपेटने सावकाश वर-खाली करा, फेस येऊ देऊ नका. फेस आला की टीपमध्ये हवा शिरते आणि माप कमी भरतं. टीपला बाहेरून लोंबणारा थेंब नळीच्या आतल्या काठाला टेकवून मगच पुढे जा. आणि दर नळीला टीप बदला! टीप वाचवली की आधीच्या नळीतलं दाट सिरम पुढे सरकत राहतं आणि टायटर (अँटिबॉडी किती आहेत ते सांगणारा आकडा) खोटा चढतो. दुसऱ्या नळीत चुकलात तर पुढच्या पाचही चुकतात.

अँटिजेनची (किटमधल्या जंतूंच्या द्रवाची) बाटली हलवून आठही नळ्यांत एकेक थेंब. मग 37 अंशाला, किटच्या कागदावर असतील तितके तास, बहुधा रात्रभर.

सिरममध्ये अँटिबॉडी असल्या की अँटिजेनच्या गुठळ्या होतात. सकाळी आधी कंट्रोल बघा. त्यातच गुठळ्या असतील तर अख्खी रांग बाद. नळीला हलकेच टिचकी मारा: ओ बारीक रव्यासारखा उठतो, एच पिंजलेल्या कापसासारखा. पहिली नळी कोरी दिसली म्हणून थांबू नका. अँटिबॉडी फार असल्या की सुरुवातीच्या नळ्या फसवतात. गुठळ्या दिसणारी शेवटची नळी हाच टायटर.

टायटर 80 चा 160 झाला म्हणून आजार वाढला असं कुणालाही सांगू नका. एका नळीचा फरक या पद्धतीत पडतोच. सात-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन चौपट वाढ, म्हणजे दोन नळ्यांची, दिसली तर तिला अर्थ. त्यासाठी पहिलं सिरम फ्रीझरमध्ये जपून ठेवा आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॉटच्या अँटिजेनने लावा. ताप कधीपासून आहे तेही फॉर्मवर लिहून घ्या; पहिल्या आठवड्यातला पेशंट असेल तर डॉक्टरांना ब्लड कल्चरची आठवण करा, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी.