पेशी मेली खरी, पण कशी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा पहिला आलेख घेऊन मी गाईड मॅडमकडे गेले, तेव्हा खूप आनंदात होते. हळदीतल्या करक्युमिनने स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी मारल्या होत्या. मात्रा वाढेल तशी रेघ खाली उतरत होती. मॅडमनी आलेख नीट पाहिला आणि विचारलं, "मेल्या हे तू कशावरून म्हणतेस? आणि मेल्याच असतील, तर कशा मेल्या?" माझ्याकडे दोन्हींची उत्तरं नव्हती. आता अपॉप्टोसिसवर, म्हणजे नियोजित पेशीमृत्यूवर, काम करायचंय म्हणून मुलं मला विचारायला येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पीएचडीच्या प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे सापडतं: सीएसआयआर-नेट, डीबीटीची जेआरएफ परीक्षा किंवा गेट. त्यापेक्षा लॅब निवडताना दोन गोष्टी तिथल्या सीनिअर्सना विचारा. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी रंगानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, तुम्हाला स्वतः बसू देतात का, आणि पेशींची मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू) तपासणी किती नियमित होते? मायकोप्लाझ्मा लागलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसते आणि तुमची सगळी रीडिंग बिघडवते.

आता माझ्या चुका. मी एमटीटी चाचणी केली होती. तिच्यात जिवंत पेशी पिवळं रसायन जांभळं करते आणि आपण तो रंग मोजतो. म्हणजे आपण पेशीचं चयापचय मोजतो, मरण नव्हे. नुसती वाढ थांबली तरी रंग कमी येतो. शिवाय वनस्पतींमधली काही पॉलिफिनॉल्स पेशी नसतानाही ते रसायन जांभळं करतात. औषध आहे पण पेशी नाहीत, अशी एक वेल, म्हणजे एक खळगा, प्लेटमध्ये ठेवायलाच हवी. मी ठेवली नव्हती.

मग अ‍ॅनेक्सिन केलं. मरू लागलेली पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर काढते, त्याला अ‍ॅनेक्सिन चिकटतं. माझं अ‍ॅनेक्सिन हिरव्या चमकणाऱ्या टॅगचं होतं, आणि करक्युमिन स्वतःच हिरवं चमकतं! तीन महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. लाल टॅग घेऊन पुन्हा सुरुवात केली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मेलेल्या पेशी तळ सोडून मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगतात, आणि मी मीडिया ओतून देऊन मगच तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिन घालत होते. म्हणजे ज्या मोजायच्या त्याच पेशी सिंकमध्ये जात होत्या.

सर्वांत जास्त वेळ वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे अँटिबॉडीनं प्रथिन ओळखायच्या चाचणीने, खाल्ला. कॅस्पेज-३ (अपॉप्टोसिसमध्ये तुटून कामाला लागणारं प्रथिन) तुटल्याचा पट्टा येईचना. मी अँटिबॉडीला दोष देत राहिले. नंतर वाचनात आलं की एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेज-३चं जनुकच बिघडलेलं असतं. हे १९९८ मध्येच छापून आलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून सेल लाइन मागवा किंवा शेजारच्या लॅबमधून आणा, फ्लास्क उघडण्याआधी त्या पेशीचा इतिहास वाचा.

या क्षेत्रात टिकून राहायला मला बळ दिलं ते व्हेनेटोक्लॅक्स या कर्करोगावरच्या औषधाच्या इतिहासानं. अपॉप्टोसिस हा शब्द केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानगळ. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळतात, दाह होत नाही. मुळात हे शरीराचं रोजचं काम आहे. पुढे फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांत १४ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल झाल्यामुळे बीसीएल-२ प्रथिन भरमसाट बनतं असं दिसलं. ते पेशींची वाढ करवत असणार, असंच वाटत होतं. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड वॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर शोध हाच.

पण प्रथिन ओळखणं वेगळं आणि त्याला बसेल असा रेणू घडवणं वेगळं. बीसीएल-२च्या पृष्ठभागावर एक खाच असते, तिच्यात मृत्यूचा निरोप आणणारी प्रथिनं अडकून पडतात. ती खाच औषधानं भरायची, म्हणजे ती सुटतात. अ‍ॅबट या औषध कंपनीचा एबीटी-७३७ हा रेणू २००५ मध्ये आला, पण तो तोंडावाटे देता येत नव्हता. नंतरचं नॅव्हिटोक्लॅक्स गिळता येत होतं, पण रुग्णांच्या प्लेटलेट्स घसरल्या, कारण प्लेटलेट्स जगतात त्या बीसीएल-एक्सएल या भावंडाच्या आधारावर, आणि हे औषध दोघांनाही धरत होतं. रेणू बदलून फक्त बीसीएल-२ला धरणारं व्हेनेटोक्लॅक्स बनवलं. त्याला अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या एका कठीण प्रकारासाठी. मेलबर्नच्या त्या शोधाला तेव्हा २८ वर्षं झाली होती.

ल्युकेमियाच्या या रुग्णांत ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४००वर नेतात. एकदम पूर्ण मात्रा दिली तर इतक्या पेशी एका वेळी मरतात की त्यांच्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उतरून, यूरिक अ‍ॅसिड वाढून जिवावर बेततं. पेट्रीडिशमध्ये काम करताना हे सतत डोक्यात असू द्या: आपण मोजतो ती प्रत्येक मेलेली पेशी रुग्णाच्या शरीरात कुठेतरी रिती होणार आहे.

आता तुमच्या पहिल्या प्रयोगाबद्दल. नवं काही तपासण्याआधी स्टॉरोस्पोरिन हे अपॉप्टोसिस घडवणारं रसायन घालून पेशी मरताना तासातासानं बघा, तो फुगेफुगे आलेला आकार डोळ्यांत बसू द्या. मग बॅक्स आणि बॅक ही पेशीला मरणाकडे ढकलणारी दोन्ही जनुकं काढलेल्या पेशी मिळवा. बीसीएल-२ला अडवणारं औषध याच दोघांमार्फत काम करतं, म्हणून ती नसलेल्या पेशी त्यानं मरायला नकोत. सरकीतल्या गॉसिपॉलला बराच काळ बीसीएल-२रोधक म्हणत होते, पण त्यानं त्या पेशीही मारल्या. तुमच्या रेणूनं त्या मारल्या, तर मॅडमचा दुसरा प्रश्न अजून उभाच आहे आणि प्रयोगाची वही तिथूनच पुढे लिहायची आहे.