दीपकाडीची गणना करताना

सड्यांवरील, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरील, वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्यांना मी दीपकाडीपासून सुरुवात करण्याचा आग्रह करतो, कारण दुर्मीळ वनस्पती टिकेल की नाही हे केवळ फुले मोजून कळत नाही, हा धडा मला तिच्याकडूनच मिळाला. डिपकाडी कोंकनेन्से या शास्त्रीय नावातच कोकण असलेल्या या कंदवर्गीय वनस्पतीचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले. तिची वस्ती प्रामुख्याने किनाऱ्यालगतच्या जांभ्या सड्यांपुरती असल्यामुळे एक सडा गेला, तरी तिच्या मुलुखाचा लचका तुटतो.

पहिल्या वर्षी मी राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील सड्यावर ऑगस्टमध्ये गेलो आणि वाढलेल्या गवतात हात चाळवून रिकामा परतलो. दुसऱ्या वर्षी पाऊस लागताच गेलो, तेव्हा पांढरी, लांब नळीची फुले वाऱ्यावर डोलत होती. मीटरभराची चौकट ठेवून गुडघे टेकल्यावर मात्र लक्षात आले, की खरे पाहायचे ते फुलांच्या बुडाशी आहे: गवताच्या पातीसारखे एकच पान असलेली, अजून न फुललेली लहान रोपे. ती ओळखायला मला संपूर्ण हंगाम लागला. तुम्हालाही लागेल, घाई करू नका.

कातळाच्या खळग्यात माती जेमतेम दोन बोटे असते आणि कंदाचा सारा संसार तेवढ्यातच असतो. चिरेखाण सुरू झाली की वरचा हा थर आधी खरवडला जातो. बागेसाठी कातळ फोडून बाहेरची माती भरली, तरी तो अधिवास राहत नाही. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेली असते, आणि हा शब्दच मला सर्वांत घातक वाटतो. याच सड्यावरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, याचा फुलालाही आधार मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कामाला लागण्यापूर्वी जमीनमालकांना भेटा, ग्रामपंचायतीला कळवा, कंद उकरू नका, नेमकी जागा कोणालाही सांगू नका. चौकटींचे कोपरे कातळावर खुणावून ठेवा आणि दरवर्षी त्याच चौकटी मोजा. माझ्या वहीत एका चौकटीत फुले भरपूर आहेत, पण रोप एकही नाही. शेजारच्या चौकटीत फूल नाही, मात्र एकपानी रोपांची दाटी आहे. पुढच्या जूनमध्ये मी आधी त्या दुसऱ्या चौकटीकडे जाणार आहे.