ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची देवळं, गुरुद्वारा आणि जैन मूर्ती नीट बघायच्या असतील तर

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, त्यामुळे थंडी पडली की पुण्या-सांगलीकडचे पाहुणे ठरलेलेच. आणि दरवेळी तेच होतं, गाडी करून किल्ल्यावर जातात, मानमंदिर राजवाड्याच्या निळ्या टाइल्ससमोर फोटो काढतात, दोन तासांत खाली येऊन विचारतात आता अजून काय बघायचं? मला खरंच वाईट वाटतं, कारण एकाच डोंगरावर विष्णूची देवळं, शिखांचा गुरुद्वारा आणि जैन तीर्थंकर आहेत आणि खाली उतरून जरा पुढं गेलं की सूफी दर्गा, एवढं सगळं ते न बघता निघून जातात. म्हणून आता मी प्रत्येकाला सांगते तसंच इथं लिहितेय.

पहिली गोष्ट, चढताना गाडी नको. गाड्या पश्चिमेच्या उरवाई गेटनं जातात. तुम्ही पूर्वेकडच्या ग्वाल्हेर गेटनं, म्हणजे गूजरी महालाच्या बाजूनं पायी चढा, तेही सकाळी लवकर. चढ चांगलाच खडा आहे आणि दगडी फरसबंदी गुळगुळीत झालीये, म्हणून चपला नकोत, बूट घाला, पण लेस नसलेले, कारण दिवसभर काढघाल आहे. मोजे जास्तीचे एक जोड, एक मोठा रुमाल किंवा ओढणी, पाण्याची बाटली. चामड्याचा पट्टा-पाकीट घरीच ठेवलेलं बरं, जैन मूर्तींच्या जवळ जायचंय. आणि गुटखा, तंबाखू, सिगरेट खिशात अजिबात नको, गुरुद्वारात ते घेऊन जाणं हा त्यांचा मोठा अपमान आहे.

पायी का, तर चतुर्भुज मंदिरासाठी. हे देऊळ चढावर मध्येच लागतं, एका अखंड खडकातून कोरलेलं, इतकं छोटं की लोक दम खायला थांबतात आणि न बघताच पुढं जातात. आत एक शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा. देवळाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि तिच्यातून रोज ५० हार देवाला, असा हिशोब त्यात आहे. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण लिहितो तसं गोल आहे, जगातल्या कोरलेल्या जुन्या शून्यांपैकी हे एक. दार बंद असेल तर तिथल्या चौकीदाराला हात जोडून विनंती करा, मोबाइलचा टॉर्च लावून हळूहळू शोधा, अक्षरांना हात लावू नका, घामानं दगड खराब होतो. माझ्या भाच्याला गणित अजिबात आवडत नाही, पण फुलांच्या हारांसाठी मांडलेलं शून्य बघून तो जो गप्प उभा राहिला ते मी विसरणार नाही.

वर पोचलात की मानमंदिर बघाच, पण तिथं अर्धा दिवस घालवू नका. तिकीट फेकू नका, पुढं परत विचारतात.

मग सासबहू, एक मोठं आणि एक छोटं अशी देवळांची जोडी. नावाचा सासू-सुनेशी संबंध नाही, मूळ सहस्रबाहू, म्हणजे विष्णू, बोलताबोलता सासबहू झालं. कच्छपघात राजा महिपालाच्या काळातली, शिलालेख १०९३ चा. इथं पूजा होत नाही, पण म्हणून नक्षीच्या कट्ट्यांवर चढून रील काढायची का? मोठ्या देवळाच्या मंडपात शिरा, मधोमध उभं राहून आधी वर बघा, मग खांब, मग दरवाजाची चौकट, आणि मगच फोटो. दगडाला डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढा द्या. बाहेरच्या कडेवरून सगळं शहर दिसतं, पोरांचा हात धरून ठेवा.

तेली का मंदिर लांबूनच वेगळं दिसतं. आठव्या-नवव्या शतकातलं, जवळजवळ ३० मीटर उंच, आणि वरचं छप्पर आपल्या शिखरासारखं निमुळतं नाही तर आडवं, गाडीच्या टपासारखं, दक्षिणेकडच्या गोपुरांची आठवण करून देणारं. दारापाशी गंगा-यमुना शोधा, मगर गंगेचं वाहन आणि कासव यमुनेचं, एवढं लक्षात ठेवलं की उत्तरेकडच्या कितीतरी जुन्या देवळांत त्या ओळखता येतात.

दुपारी भूक लागेपर्यंत गुरुद्वारा दाता बंदी छोडला पोचायचं, हॉटेल शोधूच नका. सहावे गुरू हरगोविंदजी यांना जहांगीरनं याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा ते एकटे निघेनात, इथले जेवढे कैदी राजे माझ्या चोळ्याचं, म्हणजे लांब अंगरख्याचं, टोक धरतील तेवढे सुटतील असं ठरलं, आणि ५२ टोकांचा चोळा शिवून ५२ राजे बाहेर आले, असं शीख मंडळी सांगतात. दिवाळीत ते बंदी छोड दिवस पाळतात तो याचाच. डोकं झाका, बायकांनी आणि पुरुषांनीही, पाय धुऊन आत, बसताना पाय ग्रंथसाहिबकडे नकोत. मग लंगरच्या पंगतीत जमिनीवर बसा, रोटी दोन्ही हात पुढं करून घ्या, ताटात उष्टं टाकू नका, आणि जमलं तर थोडा वेळ भांडी घासायला उभे राहा, कोणी परकं मानत नाही.

उतरताना मात्र उरवाई गेटनं. कड्यात कोरलेले तीर्थंकर रस्त्यावरूनच दिसतात, पंधराव्या शतकातले, तोमर राजे डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात कोरलेले. सगळ्यात उंच मूर्ती १७ मीटरच्या आसपास. बाबराच्या हुकुमानं यांचे चेहरे फोडले गेले, काही नंतर परत घडवले. नग्न मूर्ती बघून काही पाहुणे हसतात, कृपा करून आधीच घरच्यांना समजावून सांगा की हे दिगंबर आहेत, सगळं सोडलेले. शेजारी एखादं जैन कुटुंब हात जोडून उभं असतं, त्यांच्या समोरून कॅमेरा फिरवू नका. वेळ असेल तर दुसऱ्या बाजूचं गोपाचल, म्हणजे तिथल्या कड्यातल्या जैन मूर्ती, पण करा, तिथले बसलेले पार्श्वनाथ खूप भव्य आहेत.

संध्याकाळी ऑटो करून खाली शहरातल्या हजीरा भागात. सूफी संत मुहम्मद गौस यांच्या कबरीच्या दगडी जाळ्या उन्हं कलताना आतून बघायच्या, बाहेरून नाही, जमिनीवर जे कवडसे पडतात ते खरं बघण्यासारखं. डोकं इथंही झाका. शेजारी तानसेनाची साधी कबर आणि चिंचेचं झाड, त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, पण पाला ओरबाडू नका. डिसेंबरात येत असाल तर तानसेन समारोहाची, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाची, सकाळ गाठा, सुरुवातीला आपल्या मराठी कीर्तनकार ढोलीबुवा महाराजांच्या गादीची हरिकथा असते आणि मग मुसलमानांचा मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. हरिकथेला पुढच्या रांगेत मराठी म्हातारी माणसं दिसतील, त्यांच्याजवळ जाऊन बसा, जुन्या ग्वाल्हेरच्या गोष्टी ते स्वतःहून सांगतात.

इथलं करून गोव्याला जाणार असाल तर एकच सांगते. तिथल्या बॉम जेझूस चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, आणि पाद्री वाटतात ते प्रसाद समजून रांगेत उभे राहू नका, ते त्यांच्यात संस्कार झालेल्यांनीच घ्यायचं असतं.