मापाच्या वहीचं शेवटचं पान

नारायण पेठेत मी पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय. पंचेचाळिशी उलटलेली बाई माप द्यायला उभी राहिली की हमखास म्हणते, "खाते तेवढंच हो, पण पोट सुटतंय." पूर्वी मी नुसती हसायचे आणि अर्धा इंच वाढवून लिहायचे. आता पडदा ओढते आणि विचारते, "पाळी कशी येतेय?"

माझी सत्तेचाळिसाव्या वर्षी बिघडली. कधी 21 दिवसांत हजर, तर कधी अडीच महिने पत्ताच नाही. बहुतेकींची पाळी 45 ते 55 या वयात जाते, पण त्याआधी चार-पाच वर्षं तिचं असं लहरी वागणं चालू शकतं. चाळिशीच्या आतच थांबली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

पहिलं काम म्हणजे लिहून ठेवायचं. मी मापाच्या वहीचं शेवटचं पान घेतलं. तारीख, किती दिवस, किती पॅड, गाठी पडल्या का, झोप लागली का, बस. सलग 12 महिने आली नाही, तरच ती गेली म्हणायचं. माझ्या अकरा रेघा झाल्या होत्या आणि ऐन नवरात्रात, घट बसलेले असताना, पुन्हा आली. सगळ्या रेघा खोडल्या, पुन्हा एकपासून. आणि हो, चुकली म्हणजे गेलीच असं धरून बसू नका, दिवसही राहू शकतात. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षं काळजी घ्यायची, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

मग ती वाफ. छातीतून निघते आणि मानेवरून कानापर्यंत चढते, इस्त्री तोंडाजवळ धरल्यासारखी. दोन-चार मिनिटांत घाम फुटतो, मागोमाग हुडहुडी. डिसेंबरात यांच्या अंगावर गोधडी, डोक्याला कानटोपी, आणि मला पंखा पाचावर! शेवटी माझ्या बाजूला छोटा टेबलफॅन आणला, भांडण मिटलं. वहीमुळे एक कळलं, चौथा चहा झाला की वाफ येतेच. मिसळ सोडली नाही, चहा दोनवर आणला.

कपड्यांबद्दल मात्र माझं ऐका, तो माझा धंदा आहे. पॉलिस्टरचे गाऊन बोहारणीला देऊन टाका. तुळशीबागेतून साधे सुती घ्या आणि रात्री उशाशी एक कोरडा जास्तीचा ठेवा. ब्लाउज टू बाय टूचा, अस्तर सुतीच, गळा अर्धा इंच मोठा. शिंप्याला सांगून शिवणीत दीड इंच माया ठेवून घ्या. या वयात चरबी कमरेभोवती जमते, दर सहा महिन्यांनी नवे ब्लाउज कोण शिवणार?

धडधड, घाम, थकवा, चिडचिड हे थायरॉईडनेही होतं, म्हणून रक्त तपासून घ्या. मी एकीच्या खणाची बाही उलटी कापली, वर तिच्यावरच खेकसले. वाटलं, डोकंच गेलं. तपासलं तर हिमोग्लोबिन 9 निघालं, जास्त अंगावर जात होतं त्याने.

हाडांचं कुणी बोलत नाही. पाळी गेल्यावरची पहिली काही वर्षं ती झपाट्याने विरळ होतात. शिलाई मशीनचं पायडल हा व्यायाम धरू नका, मी धरत होते. आता आठवड्यातून चारदा पर्वती चढते. दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या जवळपास असतं. भाकरी, तीळ, ताक यांनी बरंच भागतं.

सगळ्यात शेवटी, टेप गुंडाळताना, बायका हळूच सांगतात ते दुखणं वेगळंच. खाली कोरडं पडतं, लघवीला जळजळतं, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. वर्षानुवर्षं सोसतात. त्यासाठी जागच्या जागी लावायचं मलम मिळतं, डॉक्टर लिहून देतात. हार्मोनच्या गोळ्याही तशाच, विचारूनच घ्यायच्या. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर सहसा देत नाहीत. पण माझ्या एका गिऱ्हाईकाला त्यानेच रात्रभर झोप लागायला लागली.

दोन गोष्टींत थांबू नका. तासाला एक पॅड भिजत असेल तर, आणि 12 महिने उलटल्यावर एक डाग जरी दिसला तर. "परत तरुण झाले" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बहुधा साधंच कारण निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्यांदा असाच कळतो, आणि लवकर कळला तर बरा होतो.

सध्या माझ्या पानावर नऊ रेघा आहेत. दिवाळीच्या शिलाया उरकेपर्यंत बारा होतील, मध्येच पुन्हा खोडायला लागल्या नाहीत तर.