थंडीत गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट व्हावी म्हणून काय करायचं

थंडीत सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही की लोक पेट्रोलवर संशय घेतात, प्लगवर घेतात, पण बहुतेक वेळा घोळ बॅटरीचाच असतो. थंडीत दोन गोष्टी एकाच वेळी नडतात, एकीकडे बॅटरीची ताकद उतरते आणि दुसरीकडे ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायलाच जास्त ताकद लागते. उणे १८ डिग्रीला तर चांगल्या बॅटरीचीही ताकद जवळपास निम्म्यावर येते, मग जी आधीच म्हातारी झालीय तिचं काय होणार. म्हणून पैसे आणि वेळ पहिले बॅटरीवर घालवा, बाकी सगळं नंतर.

एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद राहू द्या आणि सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी फुल आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२.२ म्हणजे अर्धीच उरलीय, ती आधी चार्जरला लावा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा, सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेल्यात जमा आहे किंवा कनेक्शन ढिलं आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करतोय (काही नवीन गाड्या चार्जिंग स्वतःच कमीजास्त करतात, तिथे आकडा थोडा इकडेतिकडे दिसेल, घाबरू नका).

आता टर्मिनल. नुसतं वरून बघून सोडू नका, हाताने धरून पिळून बघा, जरा जरी हललं तरी ते ढिलं आहे. त्यावर पांढरट-हिरवी पावडर साचली असेल तर आधी मायनस काढायचं मग प्लस, खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, आणि लावताना उलटं, म्हणजे प्लस आधी. वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलिन फासलं की पुन्हा पटकन धरत नाही. ती पावडर डोळ्यात, हातावर जाऊ देऊ नका, त्यात अ‍ॅसिड असतं. नवीन बॅटरी घेणारच असाल तर तिच्यावरचा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्प्स) आकडा बघा, तो थंडीतल्या सेल्फसाठीच असतो, आणि कंपनीने सांगितलाय त्याच्यापेक्षा कमी घेऊ नका.

ऑइलचं म्हणाल तर डब्यावर १५डब्ल्यू-४० असा ग्रेड लिहिलेला असतो, त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा असतो, तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यूची सेल्फची टेस्ट उणे २० डिग्रीला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. म्हणजे जिथे खरी कडाक्याची थंडी पडते तिथे १५डब्ल्यू-४० घालून बसलात तर सकाळी ते काकवीसारखं हलेल. पण म्हणून मनाने ०डब्ल्यू ओतू नका, मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे चालणारे ग्रेड दिलेले असतात त्यातलाच सगळ्यात पातळ घ्या.

इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण असलं तर इथिलीन ग्लायकॉलवालं साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल भरलं तर ते उणे १३ च्या आसपासच गोठतं, तेव्हा "जास्त घातलं की जास्त सेफ" असं काही नाही. नुसतं साधं पाणी भरून ठेवलं असेल तर मात्र आजच काढा, ते गोठून फुगलं की इंजिनच फुटू शकतं.

डिझेलवाल्यांनी अजून थोडी काळजी घ्यायची, थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोक होतो, म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा आणि जिथे विंटर डिझेल मिळतं तिथे तेच भरा. पेट्रोल असो वा डिझेल, टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, आत पाणी कमी धरतं.

आता सकाळी. लाइट, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद, चावी फक्त ऑनवर आणून गाडीतल्या इंधनाच्या पंपाला दोन-तीन सेकंद द्या, डिझेलला ग्लो प्लगचा, म्हणजे सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबा. क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचं काम वाचतं. इंजेक्शनच्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, त्याने काही होत नाही. दहा सेकंदांत लागली नाही तर सोडा, मिनिटभर थांबा, परत मारा, सलग रगडलंत तर सेल्फची मोटर तापते आणि उरलीसुरली बॅटरीही संपते. लागली की रेस देऊ नका, अर्ध्या एक मिनिटाने हळू चालवायला घ्या, उभ्या उभ्या वीस मिनिटं गरम करण्यात फक्त पेट्रोल जातं. आणि बंद गॅरेजमध्ये तर अजिबात चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

तरीही जंप द्यावा लागला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून स्टार्ट करावी लागली, तर लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या रिकाम्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी तिथेच पडते. बॅटरी फुगलेली किंवा आतून गोठलेली वाटली तर जंप देऊच नका, ती फुटू शकते. आणि स्टार्ट झाल्यावर लगेच बंद करू नका, चांगलं अर्धा-पाऊण तास चालवा, मग घरी येऊन चार्जरला लावा.