कॅटॅलिस्टला शिव्या देण्याआधी दाणा बघा

जळगावात चटयांचे, पाइपांचे कारखाने दारातच. त्यामुळे प्रोजेक्टला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, प्लॅस्टिक आपल्याला कळतं. मग आपटून न फुटणारं पॉलिप्रॉपिलीन करायला घेतात आणि तिसऱ्या दिवशी येतात, "सर, कॅटॅलिस्ट मेला."

मेलेला नसतो हो. दाण्याची वाट लावलेली असते.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे प्रीपॉलिमरायझेशन, म्हणजे कॅटॅलिस्टवर आधी कमी तापमानात थोडंसं पॉलिमर वाढवणं, गाळणं. कॅटॅलिस्ट म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइडवर टायटॅनियम बसवलेला कण, साधारण दहा ते शंभर मायक्रॉनचा. पॉलिमरच्या साखळ्या त्याच्या भेगांत वाढतात, कण आतून फुगतो आणि आकार राखून मोठा होतो, तोच आपला दाणा. पण सावकाश फुगू दिला तर. थेट ७० अंशांना, पुऱ्या दाबात सोडलात तर ज्वारीची लाहीच. एका पठ्ठ्याने तर पृष्ठभाग वाढला की वेग वाढेल म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये कॅटॅलिस्ट खलात घोटला! पहिली दहा मिनिटं वेग वाढलाही, स्वारी खूश. झाकण उघडलं तर भिंतींना पिठी, तळाशी वितळून थिजलेला गठ्ठा. तो मी दोन दिवस तासत होतो. तेव्हापासून माझ्याकडे २० अंशांच्या आसपास, कमी दाबात दहा मिनिटं मुरवल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

दुसरी चूक रबराच्या टप्प्यातली, म्हणजे आपटून फुटू नये म्हणून दाण्यात रबर भरतो तेव्हाची. इथिलीन-प्रॉपिलीन सोडल्यावर वेग पडला की लगेच ट्रायइथाइल ॲल्युमिनियम (कॅटॅलिस्टला जागं करणारा जोडीदार) वाढवतात. अरे, रबर दाण्याच्या पोकळ्यांतच साठतं. त्या भरल्या की वायू आत शिरणार कुठून? उरलेलं रबर बाहेर येतं आणि दाणे गुळाच्या ढेपेसारखे एकमेकांना धरतात. मी एक दाणा ब्लेडने कापून मायक्रोस्कोपखाली धरतो. आत पोकळी दिसली नाही, तर पुढच्या वेळी हा टप्पा आधी थांबवतो. पाच मिनिटांचं काम, पण ब्लेड शोधायचा कंटाळा.

पावसाळ्यात नायट्रोजनच्या वाटेवरचे मॉलिक्युलर सीव्ह (ओलावा शोषणारे दाणे) वेळेवर भाजून घ्या.

आणि मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत इझॉड टेस्ट (नमुना हातोड्याच्या फटक्याने तोडायची चाचणी) करून मला आकडे दाखवू नका. पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास काचेसारखं कडक होतं. आपल्या उन्हाळ्यात काहीही पास होतं. नमुने २३ अंशांना ठेवून तोडा, मग गारठवून तोडा. फ्रीजर बंद आहे हे कारण चालणार नाही. बर्फात मीठ घालून कुल्फीवालाही उणे १५ गाठतो.